फळ्यावरची ओळ

"मुरली, एक मागणं आहे. हसणार नसलास तर सांगतो," असं म्हणत नेमूअण्णा माझ्या दुकानात आले आणि थेट रंगाच्या डब्यावर बसले. डब्याचं झाकण ओलं होतं. त्यांच्या ठेवणीतल्या पांढऱ्या धोतराला मागं हिरवा रंग लागणार हे मला दिसत होतं, तरी मी बोललो नाही. माणूस भलताच गंभीर चेहरा करून आला होता.

"हसत नाही. सांगा."

"आधी चहा सांग."

चहा येईपर्यंत ते नुसते भिंतीला टेकवलेल्या पाट्या वाचत बसले. मी तेव्हा इचलकरंजीत पाट्या रंगवायचं काम करायचो. दुकानांची नावं, टेंपोच्या मागची अक्षरं, मंडळांचे फलक, पडेल ते. नेमूअण्णा, म्हणजे नेमगोंडा पाटील, माझ्या दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडं राहायचे. ऐन उमेदीत ते यंत्रमागावर जॉबर होते. बिघडलेला माग दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. गणपतीतल्या नाटकांत काम करता करता कुणाच्या तरी नजरेत भरले आणि पंचेचाळिशीत सिनेमात गेले. 'घाटातला जयसिंग' नावाचे पिक्चर निघायचे त्या काळात. जयसिंग हा ट्रकड्रायव्हर, तो हीरो. त्याचा क्लीनर धोंडू, ते आमचे अण्णा.

तीन भाग निघाले होते. तिन्ही भागांत जयसिंग मारामारी करायचा आणि धोंडू पडायचा. पण लोकांचा जीव धोंडूवर. ट्रक मागं घ्यायची वेळ आली की धोंडू मागं उभा राहून मागच्या फळीवर, म्हणजे फाळक्यावर, थाप मारायचा. एक थाप म्हणजे थांब. दोन थापा म्हणजे मागं मोकळं आहे, येऊ दे. त्या दोन थापा पडद्यावर पडल्या की टॉकीजमधले सहाशे लोक समोरच्या खुर्चीच्या पाठीवर दोन थापा मारायचे. टॉकीजच्या मालकानं दोन वेळा खुर्च्या दुरुस्त करून घेतल्या, तिसऱ्या वेळी नाद सोडला. बाजारात अण्णा दिसले की भाजीवाली हातगाड्यावर दोन थापा मारायची आणि अण्णा मान डोलवून पुढं जायचे.

आता माझं सांगतो. टॉकीजसमोर चहाच्या गाड्याशेजारी, लिंबाच्या झाडाला आमच्या जयसिंगप्रेमी मंडळाचा एक पत्र्याचा काळा फळा टांगलेला असायचा. नव्या पिक्चरचा पहिला खेळ सुटला की मी बाहेर येऊन त्यावर खडूनं एक ओळ लिहायचो. एकच. ती वाचून पाळी सुटलेले कामगार तिकीट काढायचं का घर गाठायचं ते ठरवायचे. या ओळीला एक नियम होता आणि तो मीच घातलेला. मी लिहायच्या आधी कुणी अवाक्षर काढायचं नाही. मला वाटलं तेच फळ्यावर जाणार. जयसिंगच्या तिसऱ्या भागाला मी 'दुसऱ्याच्या निम्मा' असं लिहिलं होतं. आमचा अध्यक्ष उत्तम चौगुले, आठ मागांचा मालक आणि मागांवर मात करणारा आवाज, तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. पण ओळ त्यानंही पुसली नाही. मुरली सुतार फळ्यावर खोटं लिहीत नाही, असं लोक बोलायचे. मला ते ऐकायला फार गोड लागायचं.

चहा आला. अण्णांनी बशीत ओतला आणि तसाच धरून ठेवला.

"परवा चौथा भाग लागतोय."

"ते काय सांगायला पाहिजे? नऊ वर्षं वाट बघतंय गाव. उत्तम तर शुक्रवारी माग बंद ठेवणार आहे."

"जयसिंगवर तीन ओळी लिहिल्यास तू. तिन्हींत मी नाही."

मी गडबडलो. "असं कसं? पहिल्याला 'धोंडूनं हसवलं' म्हणून लिहिलं होतं की."

"धोंडूनं. धोंडू वेगळा, मी वेगळा." अण्णांनी बशी खाली ठेवली. "तीन पिक्चरमध्ये मी पडलो, मुरली. चिखलात पडलो, शेणात पडलो, हौदात पडलो. लोक हसले, माझं घर चाललं. माझी काही तक्रार नाही बघ. पण या खेपेला डायरेक्टरनं मला उभं केलंय. एकच सीन आहे. त्यात मी काय केलंय हे माझं मलाच कळेना झालंय. मुंबईची माणसं चांगलं झालं म्हणतात, पण ती सगळ्यांनाच म्हणतात. तू एक कर. नेमगोंडानं काम केलं का नाही, एवढं लिही. वाईट असलं तर वाईट लिही. मी तुझ्या तोंडाकडं बघणार नाही, फळ्याकडं बघणार."

"सीन काय आहे तरी?"

"ते सांगायचं नाही ठरलंय. आणि तुला सांगितलं तर तू उद्याच फळा भरशील."

"बरं, लिहितो. शब्द दिला."

अण्णा उठले, मागं हात लावून बघितला, हिरवी झालेली बोटं माझ्यापुढं धरली. "बघ. पडायचा राहिलो तर असा बसलो. आता पद्मा माझी पूजा बांधणार." पद्मा त्यांची मुलगी. बायको गेल्यापासून तीच त्यांचं बघायची.

शुक्रवारी बाराचा खेळ. सकाळपासून टॉकीजपुढं हलगी वाजत होती. जयसिंगचा वीस फुटी कटआउट, त्याच्या खांद्याला लागून धोंडूचा बारा फुटी. तो मीच रंगवला होता. दोघांनाही झेंडूचे हार होते. अण्णा मात्र पहिल्या खेळाला कधीच यायचे नाहीत. ते घरी अंघोळ करून, ठेवणीतलं धोतर नेसून दारात खुर्ची टाकून बसायचे, पेढ्यांचं ताट शेजारी. खेळ सुटला की मंडळाची मिरवणूक ट्रॅक्टरसकट त्यांच्या दारात जायची. सगळे मिळून ट्रॉलीवर दोन थापा मारायचे, अण्णा उठून हात वर करायचे आणि पेढे वाटायचे. तिन्ही भागांना हेच झालं होतं. पिक्चर कसं चाललं ते त्यांना त्या आवाजावरनं कळायचं.

पिक्चर सुरू झालं. पहिले दोन तास नेहमीचे. जयसिंग म्हातारा झालेला, धोंडूही. शिट्ट्या, नाणी, थापा. उत्तम माझ्या शेजारी होता, तो तर लहान पोरासारखा उड्या मारत होता. मग शेवटाकडं धोंडूचा नातू गुंडांच्या हातात सापडतो. धोंडूला निरोप येतो, 'जयसिंगला आम्ही सांगतो तिथं घाटात आणून दरीत घाल, नाहीतर पोरगं विसर.' धोंडू कुणाला काही बोलत नाही. घाटात धुकं आहे. पुढं रस्ता अडवलेला, म्हणून जयसिंग ट्रक मागं घ्यायला लागतो. धोंडू खाली उतरून मागं जाऊन उभा राहतो. त्याच्या मागं दोन पावलांवर दरी. आतनं जयसिंग विचारतो, "धोंड्या, येऊ दे का?"

धोंडूनं हात उचलला. एक थाप मारली. थांबला. मग दुसरी मारली.

आणि सहाशे लोकांनी सवयीनं खुर्च्यांवर दोन थापा हाणल्या. मीपण हाणल्या.

धोंडू बाजूला सरला आणि ट्रक त्याच्यासमोरनं दरीत गेला. नऊ वर्षं ज्याची वाट बघितली तो जयसिंग आमच्या डोळ्यांदेखत गेला. टॉकीजमध्ये पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. पडद्यावर धोंडूचा हात तसाच हवेत राहिलेला. जिथं फाळका होता तिथं आता काही नव्हतं, आणि तो हात खाली कसा घ्यायचा हेच त्या माणसाला आठवत नव्हतं. त्यानं तळव्याकडं बघितलं. मग तो तळवा सदऱ्याला पुसला, एकदा, दोनदा, परत परत, जॉबर माग सोडून उठताना तेलाचा हात पुसतो तसा.

तेवढ्यात पहिली चप्पल पडद्यावर आदळली.

"मारला. आपल्या जयसिंगला मारला रे या भडव्यानं," कुणीतरी ओरडलं, आणि मग काय विचारता. उरलेलं पिक्चर कुणी बघितलंच नाही. बाहेर येईपर्यंत धोंडूचा कटआउट आडवा झाला होता. झेंडूचा हार काढून त्याच्या गळ्यात चपलांची माळ घातलेली. उत्तम रडत होता. खोटं नाही सांगत, घरातलं माणूस गेल्यासारखा रडत होता. आणि सगळ्यांना एकाच गोष्टीची आग लागली होती, की त्या थापा आपणपण मारल्या. ते कुणी बोललं नाही. प्रत्येकजण नुसता आपले हात झटकत होता.

"मुरली, लिही," उत्तम म्हणाला.

मी खडू घेतला.

"खडू नको. खडू पुसला जातो. रंगानं लिही." माझं दुकान काही लांब नव्हतं. पळत जाऊन कुणीतरी पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा आणि माझा चार नंबरचा ब्रश आणलासुद्धा. "गद्दार लिही," एकजण म्हणाला. "गावाच्या तोंडावर थुंकला म्हणून लिही," दुसरा म्हणाला. आजवर माझ्या पाठीमागं कुणी शब्द काढला नव्हता. मी वळून म्हणायला पाहिजे होतं की गप्प बसा, नियम आहे. मी म्हणालो नाही.

आता इथं मला खरं बोललं पाहिजे. तो हात सदऱ्याला पुसला जात होता तेव्हा मी अंधारात रडलो होतो. जयसिंगसाठी नाही. मंडळाचा रुमाल तोंडात कोंबून रडलो होतो, उत्तमला कळू नये म्हणून. तसं काम मी त्याआधी बघितलं नव्हतं आणि नंतरही बघितलं नाही. 'नेमगोंडानं काम केलं', एवढे तीन शब्द लिहायचे होते. मागितलेलेच तेवढे होते.

मी लिहिलं, 'धोंडूनं जयसिंगला मारलं,' आणि थांबलो. मागनं लोक हुंकारले. आणि मग पुढचा तुकडा मला सुचला. सुचला तो असा नेटका सुचला की हात आपोआप चालला. 'धोंडूनं जयसिंगला मारलं, नेमगोंडानं पिक्चरला.'

एक क्षण लोकांनी वाचलं आणि मग असा काही कल्लोळ केला म्हणता. मला खांद्यावर घेतलं. पुढं बायकोला मी सांगितलं की जमाव होता, भीती वाटली, दुकान फोडलं असतं. भीती होतीच, नव्हती असं नाही. पण मुख्य गोष्ट ती नव्हती. ओळ जमली होती. लोकांना आवडली होती. मला मजा आली.

"हा फळाच नेऊया अण्णाच्या दारात," उत्तम म्हणाला, आणि फळा झाडावरनं उतरवला. मी नको म्हणालो का? म्हणालो असेन, पण मलाच ऐकू येईल इतपत. ट्रॅक्टर चालू झाला, हलगी चालू झाली. लांबनं ऐकणाऱ्याला ती नेहमीचीच मिरवणूक वाटली असणार.

अण्णांना तशीच वाटली. आम्ही वळणावर आलो तर ते खुर्चीतनं उठून दारात उभे होते, पेढ्यांचं ताट दोन्ही हातांत. मागं पद्मा. ट्रॉलीवर थापा पडल्या नाहीत. हलगीही थांबली. अण्णा वाट बघत उभे राहिले, मग त्यांनी चेहऱ्यांकडं बघितलं, एकेक करून, आणि शेवटी मला शोधलं. उत्तमनं फळा त्यांच्या उंबऱ्याला टेकवून ठेवला.

"पद्मा, चष्मा आण गं माझा," ते म्हणाले.

दीडदोनशे माणसं, आणि एका म्हाताऱ्याचा चष्मा येतोय म्हणून सगळी उभी. पद्मानं तो त्यांच्या नाकावर ठेवला, कारण हातात ताट होतं. त्यांनी ओळ वाचली. ओठ हलले त्यावरनं कळलं की दोनदा वाचली. रंग ओलाच होता, 'पिक्चरला'मधला काना खाली ओघळत होता.

"मुरली," ते म्हणाले, "हे तुला वाटलं?"

एवढंच विचारलं. त्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. बाकीचा जमाव त्यांच्या खिजगणतीतही नव्हता. जॉबर जसा जाणत्याला विचारतो की मागाचा हा भाग खरंच गेलाय का, तसं विचारलं.

उत्तम माझ्याकडं बघत होता. सगळेच बघत होते.

"हो," मी म्हणालो.

अण्णांनी मान डोलवली. ताट पद्माकडं दिलं, वाकले, आणि फळ्याच्या कडेला, ओल्या रंगाला धक्का लागणार नाही अशा बेतानं, दोन थापा मारल्या. "जाऊ दे," म्हणाले. "पद्मा, लोक उन्हातनं आलेत, पेढे दे त्यांना." आणि आत जायला वळले. ठेवणीतलं धोतर तेच होतं. धुऊन धुऊन फिका झालेला हिरवा डाग मागं दिसत होता. कुणीतरी हसलं.

पेढे कुणी घेतले नाहीत. माझ्यापुढं ताट आलं तेव्हा मी घेतला. का घेतला ते मला अजून सांगता येत नाही.

पिक्चर पाचव्या दिवशी उतरलं. मी फळ्यावर पुन्हा लिहिलं नाही, म्हणजे फळाच उरला नव्हता, तो तिथंच त्यांच्या उंबऱ्याला राहिला. अण्णांच्या गल्लीतनं जायचं मी टाळायला लागलो. पाट्या पोचवायला लांबचा रस्ता धरायचो. आज जाऊ, दिवाळी झाल्यावर जाऊ, पद्मा नसताना जाऊ, असं करत अकरा वर्षं गेली आणि अण्णा गेले. अंत्ययात्रेला मी मागं चाललो.

या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली. परवा उत्तम माझ्या घरी आला. गुडघ्यांनी अधू झालाय, पोरानं धरून आणला. त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला. त्यावर तोच सीन होता. धुकं, दोन थापा, सदऱ्याला पुसला जाणारा हात. आताची पोरं तो एकमेकांना पाठवतात म्हणे, लाखो लोकांनी बघितलाय. उत्तमच्या डोळ्यांत पाणी.

"काय काम केलंय रे म्हाताऱ्यानं," तो म्हणाला. "आपल्याला तेव्हा कळलंच नाही."

आपल्याला म्हणाला. त्याला कळलं नव्हतं, हे खरं आहे. त्याचं त्याला माफ आहे.

"चौकात मोठा फ्लेक्स लावतोय मंडळातर्फे. आदरांजली. फोटो पद्माकडनं घेऊन ये आणि खाली एक ओळ तू दे. तुझीच पाहिजे, तूच लिहायचास."

मी गेलो. सव्वीस वर्षांनी त्या दारात. पद्माचे केस पिकलेत. "या मुरलीदादा," म्हणाली, पाणी द्यायला म्हणून परसातल्या हौदाकडं गेली. मी मागोमाग गेलो. हौदावरचं झाकण तिनं दोन्ही हातांनी उचलून भिंतीला टेकवलं, आणि आतली बाजू माझ्याकडं झाली. कडा गंजून गेल्या होत्या. अक्षरं शाबूत होती. ओघळलेला कानासुद्धा.

"तुमचा रंग पक्का होता," ती तांब्या बुडवत म्हणाली. "मी एकदा रॉकेल घेऊन पुसायला बसले होते. अण्णांनी हात धरला. म्हणाले, राहू दे. मुरली फळ्यावर खोटं लिहीत नाही, माझंच काहीतरी चुकलं असणार. नंतर दोन पिक्चरवाले आले होते घरापर्यंत. त्यांना म्हणाले, मला पडायला येतं, काम करायला येत नाही."

मी तांब्या घेतला.

"मी खोटं लिहिलं होतं, पद्मा. तो सीन बघून मी रडलो होतो."

"मला माहीत आहे की ते खोटं होतं. रविवारी तोंडावर पदर घेऊन मीपण बघून आले होते. घरी येऊन त्यांना शंभरदा सांगितलं. म्हणायचे, तू पोरगी आहेस, बापाचं चांगलंच बोलणार." तिनं झाकण परत हौदावर ओढलं, अक्षरं खाली गेली. "हे मला कशाला सांगताय आता? अकरा वर्षं ते रोज संध्याकाळी त्या पायरीवर बसायचे. तुमचं दुकान इथनं कितीसं लांब होतं?"

दोन गल्ल्या. ती पदराला हात पुसत फोटो आणायला आत गेली.